व्हॉल्व्हवरची किल्ली

गुडनी दार न वाजवताच आत आली. हातांना आमिषाच्या माशांचे खवले तसेच चिकटले होते.

“तोरुन, हाल्वार्दच्या बोटीवर इंजिनवाल्या एलर्टला कुणीतरी ठेचून मारलंय. आणि पोलिसांनी पकडलंय माझ्या लेकाला, सीव्हर्टला! बाराच्या फेरीबोटीनं नेतायत त्याला.”

तोरुन हामरे बोटींवरच्या अपघातांचा खासगी तपास करायची. अकरा वाजून गेले होते. तिने कोट चढवला आणि सोबतीला असलेल्या निवृत्त मास्तर औदुनला म्हणाली, “कॉफी ठेव खाली. फेरीबोट कुणासाठी थांबत नाही.”

इंजिनरूममध्ये एलर्ट पालथा पडला होता. जड पान्याचे तीन घाव बसले होते. कवटी फुटून रक्त छतापर्यंत उडालं होतं. औदुनने तोंडाला रुमाल लावला.

जनरेटर थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद होता. शेजारच्या गाळणीचं झाकण उघडं, आत शेवाळाचा लगदा. व्हॉल्व्हच्या दांड्यावर रक्ताचे शिंतोडे होते, पण मध्ये एक चौकोनी जागा स्वच्छ होती. जनरेटरची किल्ली पॅनेलमध्ये होती. तिच्या चौकोनी लाकडी बिल्ल्याची एक बाजू रक्ताने लाल, दुसरी कोरी.

तोरुनने पाण्याचा पंप उघडला. आतल्या रबरी चक्राच्या चिंध्या होऊन ते करपलं होतं.

एलर्टच्या खिशातल्या वहीत एकच ओळ तीनदा होती: ‘कूलर मिठानं तुंबलाय. हाल्वार्दला सांगितलं.’

सीव्हर्ट धक्क्यावर हातकड्या घालून बसला होता.

“काल तू त्याचा जबडा फोडलास?”

“फोडला. गेल्या महिन्यात वादळात जनरेटर तापून बंद पडला, अंधारात आमचा सोबतचा खलाशी ओड्डवार पाण्यात गेला. मला वाटलं, एलर्टचाच हलगर्जीपणा. त्यानं उलट हातसुद्धा उचलला नाही. म्हणाला, सोमवारी चौकशीत ऐक. साडेदहाला माफी मागायला गेलो, तर हे. मी त्याला उचलायला गेलो गं, आणि रक्तानं माखलो.”

“त्याआधी?”

“आमिषाच्या शेडमध्ये. आईसोबत आणखी चार बायका होत्या.”

“जनरेटर कसा सुरू करतोस?”

“आधी किल्ली कुठंय ते बघतो. व्हॉल्व्हवर लटकत असेल तर पाणी बंद. मग व्हॉल्व्ह उघडायचा, तेव्हाच किल्ली काढायची. एलर्टनं कान पिळून शिकवलंय.”

बोटीचा मालक आणि कप्तान हाल्वार्द मासळीच्या गोदामात उभा होता.

“दहाला मी बोटीवरून निघालो,” तो म्हणाला. “एलर्टनं तेव्हाच जनरेटर चालू केला. विचार पेट्राला, ती साक्षीला आहे.”

गोदामवाली पेट्रा म्हणाली, “हो, चालू झाला आणि मिनिटभरात हा दारात. पाचेक मिनिटांत बंदही पडला. जनरेटर चालू असला की बोटीच्या कडेनं पडतं ते पाणी काही पडलं नाही, नुसता धूर.”

“तू स्वतः कसा चालू करतोस रे, हाल्वार्द?”

“किल्ली फिरवायची. त्यात काय डोकं लागतं? तसा मी खाली पाय ठेवत नाही, डिझेलच्या वासानं मळमळतं.”

औदुन कुजबुजला, “म्हणजे दहाला एलर्ट जिवंत होता.”

“नाही, मास्तर. एलर्ट गाळणी साफ करत होता. रिवाजाप्रमाणे किल्ली व्हॉल्व्हवर लटकवलेली. तेव्हाच घाव पडले. रक्त उडालं, बिल्ल्याआड चौकोन स्वच्छ राहिला. म्हणजे किल्ली तिथून निघाली ती खुनानंतर. जनरेटर दहाला चालू झाला तेव्हा एलर्ट मेलेला होता.”

हाल्वार्दचा चेहरा उतरला.

“एलर्ट किंवा सीव्हर्ट व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय किल्ली काढणारच नाहीत. पाण्याविना जनरेटर चालवून चक्र जाळणारा, तो रिवाज माहीत नसलेला माणूस. दहाला सीव्हर्ट शेडमध्ये होता. बोटीवर एलर्टसोबत तू होतास, हे तूच सांगितलंस. एलर्ट जिवंत आहे असं पेट्राच्या कानावर घालायला चालू केलास ना? तुंबलेला कूलर घेऊन वादळात कोण गेलं, ते एलर्ट सोमवारी सांगणार होता.”

हाल्वार्दने मासे ओढायचा आकडा उचलून तोरुनच्या मानेकडे हाणला. ती वाकली; आकड्याने खांदा फाडला. दुसरा वार येण्याआधी औदुनने माशांचं खोकं त्याच्या गुडघ्यांवर लोटलं. हाल्वार्द तोंडावर आपटला, दात फरशीवर सांडले. औदुन त्याच्या पाठीवर बसून राहिला.

बाराच्या फेरीबोटीत हातकड्या हाल्वार्दच्या हातात होत्या.

गुडनी लेकाला शोधत बोटीवर आली. एलर्टला नेलं होतं. सीव्हर्टने व्हॉल्व्ह पुसला, पोलिसांनी नेलेल्या किल्लीच्या जागी जादाची किल्ली अडकवली आणि तिथेच गुडघे टेकले.

“माफी मागायची राहिली, आई,” तो म्हणाला आणि हुंदके देऊन रडला.