दुसरं नाव

शनिवार, एकवीस जानेवारी दोन हजार तेवीस. पौषातली अमावास्या. बिरू मेंढरांच्या औषधाला तेर गावाला गेला होता. दोन कोकरं सकाळपासून हगवणीनं आडवी पडली होती, आणि बायकोनं, महादेवीनं, "मोकळ्या हातानं येऊ नगा" म्हणून बजावलं होतं. औषध मिळालं. ओळखीचं कुणी भेटलं, चहावर गप्पा लांबल्या. गाडीला किक मारली तेव्हा साडेनऊ झाले होते.

एवढं सांगून नानासाहेब थांबले. शेतातल्या मोटारीजवळ पोरं लाईटची वाट बघत बसली होती. लाईट बारानंतर यायची होती.

"बिरूनं सोत्ता मला सांगितलंय. ऐकीव न्हाय ह्ये."

त्या रस्त्यावर जाणते असतात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. निजामाच्या राज्यात हे सातजण गावोगाव चेटकिणी हुडकत फिरायचे. अंगावर घोंगडी, गळ्यात कवड्या, तोंडात मंत्र. ते आले की गावचे कारभारीच पुढं होऊन एखाद्या बाईचं नाव द्यायचे. पाठीवर चाबूक खात पहाटेपर्यंत ती बाई सगळं कबूल करायची. सातही मेले, पण धंदा सोडला नाही. अमावास्येला रस्त्यात आडवे येतात, नाव मागतात. दिलं की वाट मोकळी आणि रात्र त्या बाईची. नाही दिलं तर तुमच्याच घरात शिरतात.

यावर गावातल्या शहाण्यासुरत्या म्हाताऱ्यांनी काय तोड काढली? पोरगा बाहेर निघाला की विचारायचे, "पेट्रोल हाय का? आन् नाव ध्यानात हाय न्हवं?"

नाव चाळीस वर्षांपासून ठरलेलं होतं. कडूबाई. गावाच्या टोकाला एकटी राहायची. नवरा नाही, लेकरू नाही, भांडायला येणारा भाऊ नाही. अमावास्येला तिच्या घरातून कण्हणं ऐकू यायचं. म्हातारे पांघरूण कानावर ओढायचे आणि सकाळी तिलाच विचारायचे, "काय कडूबाई, बरी हाईस का?"

"तुम्हीबी दिलंय का नाव, नाना?" प्रसेनजितनं विचारलं. पोरांत तोच एक तोंडाचा फटकळ.

नानासाहेबांनी बिडी पेटवली. तीन काड्या लागल्या.

"ऐक मुकाट्यानं."

ओढ्याच्या पुलावर बिरूची गाडी बंद पडली. हेडलाईट विझला. मोबाइल काढला, तोही पेटेना. कठड्यावर सातजण बसले होते. पहिल्यानं काहीतरी पुटपुटलं आणि बिरूचे पाय जागीच रुतले.

"नाव."

बिरूला विचार करावा लागला नाही. लहानपणापासूनचं पाठ.

"कडूबाई."

कुणी हललं नाही.

"ती संपली... आज, दिस मावळताना."

बिरू दुपारपासून तेरला. त्याला कोण सांगणार?

"दुसरं नाव."

दुसरं... गावानं दुसरं ठरवलंच नव्हतं.

घरी महादेवी जागी असेल. कोकरं मांडीवर घेऊन. दार नुसतं लोटलेलं...

डोळ्यांपुढून बाया जाऊ लागल्या. चुलती. शाळेतल्या बाई. शेजारची अयोध्या. अयोध्याचा नवरा पुण्याला असतो. ती एकटीच...

"अ..."

सातही माना पुढं आल्या.

बिरूनं तोंड मिटलं. घाम डोळ्यांत उतरला.

"बिरू," तो म्हणाला.

"बाईचं."

"न्हाय. बिरू. माझंच घ्या."

...

एक उठला. मग दुसरा. मग सगळे. त्याच्याभोवती फिरले. एकदा. पुन्हा एकदा. पाय वाजले नाहीत. कुणी शिवलं नाही.

हेडलाईट लागला. पूल मोकळा होता.

गावात कडूबाईच्या दारात माणसं जमली होती. म्हातारे खाली माना घालून उभे होते. रडत कुणीच नव्हतं. बिरू गाडीवरून उतरला तेव्हा अंधारात कुणीतरी हळूच म्हणालं, "आता दुसरं नाव बघाया लागंल."

"कोण म्हणलं?" प्रसेनजितनं विचारलं.

नानासाहेबांची बिडी विझली होती, तरी ओढत राहिले. मग म्हणाले, "घरी गेला बिरू..."

महादेवीनं औषध घेतलं. बिरूनं सदरा काढला, हातपाय धुवायला वाकला. मागून तिचा आवाज आला.

"अवो... ह्ये कधीचं?"

पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चाबकाचे वळ होते. तिनं बोट फिरवलं. दुखलं नाही. रक्त नव्हतं, सूज नव्हती. तीस-चाळीस वर्षांपूर्वी भरून आलेले असावेत तसे, पांढरे पडलेले.

बिरूला तेव्हा बाविसावं चालू होतं.