एक सूत वाव

आधी मला टेबल भेटलं, मग तो.

सोमवारी दुपारी तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून मी जिना उतरत होते. आमचा जिना इतका अरुंद, की समोरून माणूस आला की एकाने पोट आत घ्यायचं, ही इमारतीची रीतच. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चार लाकडी पाय वर येताना दिसले आणि त्यांच्यामागून कुणाचातरी धापा टाकण्याचा आवाज.

"जरा मागे घेता का, दादा?"

"मागे भिंत आहे, मॅडम. तुम्हीच... वर जाल का?"

पाठमोरी व्हायलाही जागा नव्हती, म्हणून मी चौथ्या मजल्यापर्यंत उलटी चढले. तिथे टेबलाच्या कडेवरून दोन डोळे वर आले. भुवयांवर भुसा होता आणि डोळे चक्क हसत होते. का कोण जाणे, त्या 'दादा'चा मला तिथेच पश्चात्ताप झाला. पण तोंडातून गेलेला शब्द आता काय परत येणार!

टेबल माझंच होतं. मी एका संस्थेसाठी टपालाने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या भाषेच्या उत्तरपत्रिका तपासते. या शहरात येऊन मला अकरा महिने झाले, आणि अकरा महिने मी हे काम पलंगावर मांडी घालून केलं. पाठीचं पार धिरडं झालं होतं. खोली म्हणजे पलंग, कपाट आणि खिडकीखालचा एक कोनाडा. एवढ्यासाठी अर्धा पगार दर महिन्याला घरमालकीणबाईंच्या हातावर ठेवायचा. इकडे आई रोज फोनवर सांगायची, "तुझी खोली तशीच ठेवलीये गं. शाळेत जागाही निघालीये. ये आता." आणि मालकीणबाईंना खोली पुढे ठेवणार की सोडणार, याचं उत्तर रविवारी पाच वाजता हवं होतं.

म्हणून मी दाराच्या मागे एक कागद चिकटवला होता. डावीकडे 'राहावं', उजवीकडे 'जावं'. दोन्ही बाजूंना बरोब्बर नऊ-नऊ मुद्दे झाले आणि माझं घोडं तिथेच अडलं. शेवटी वैतागून मी खाली लाल शाईत निकाल लिहिला होता. काय, ते सांगते पुढे.

तर टेबल कोनाड्यात सरकलं, अर्धं आत गेलं आणि अडकलं. त्याने खांद्याने रेटलं, मी पलंगावर चढून ढकललं. ढिम्म!

"दादा, माप चुकलं तुमचं."

मी त्याच्या दुकानात पाठवलेली मापाची चिठ्ठी त्याने खिशातून काढून माझ्यासमोर धरली. 'रुंदी तीन फूट दोन इंच. केसभरही फरक चालणार नाही.' खाली दोन लाल रेघा.

"लाल शाईला घाबरलो मी," तो गंभीरपणे म्हणाला. "तुमचा कोनाडा पुढे तीन-दोन आहे, मागे एक सूत कमी. इंचाचा आठवा हिस्सा. तुम्ही वावच ठेवला नाहीत."

"वाव?"

"लाकूड फुगतं, भिंत वाकडी असते. मध्ये थोडी मोकळीक ठेवावी लागते. नाहीतर कितीही चांगलं लाकूड असो... बसत नाही."

"वाव मला नका शिकवू. दिवसाला चाळीस वेळा लिहिते मी. 'सुधारणेला वाव आहे.'"

तो इतका मोकळेपणाने हसला, की भुवईवरचा भुसा माझ्या चादरीवर पडला. "म्हणजे आपण एकाच धंद्यातले की!" मग खांद्यावरची पिशवी सावरत म्हणाला, "रंधा मारावा लागेल. पण रंधा... दुकानातच राहिला. बुधवारी येतो."

बुधवारी तो आला, टेबलावर हात फिरवला आणि हवा दमट आहे म्हणाला. आज रंधा मारला तर लाकडाचे तंतू उठतील. मला त्यातलं काय कळतंय? मी चहा केला. दार नेहमीप्रमाणे सताड उघडं, मी पलंगावर, आणि बसायला दुसरं काही नसल्यामुळे तो अडकलेल्या टेबलावर.

"इथे ना, माणसाची काही किंमत नाही," मी चहाबरोबर मनातलंही ओतलं. "पाणी पहाटे येतं नि पहाटेच जातं. मागच्या महिन्यात तीन दिवस तापाने पडून होते. कुणाला पत्ताही नव्हता."

तो कपात बघत राहिला. "मी दुकानाच्या माळ्यावर झोपतो. उठून बसलो की डोकं आपटतं. आठ वर्षं झाली, अजून आपटतंय." मग हळूच म्हणाला, "पण इथे जागा महाग, म्हणूनच माझं पोट चालतं. मोठ्या घरात मापाचं टेबल कशाला लागतंय? कुठलंही आणा, कुठेही ठेवा. इथे मात्र माणूस म्हणतो, तीन फूट दोन इंच... केसभरही फरक नको."

"चिडवताय?"

"छे, छे. तुम्हाला इथलं काहीच आवडत नाही?"

मी खिडकीतून खाली पाहिलं. "ग्रंथालय. पहिल्या पगारात स्वतःसाठी घेतलेली छत्री. आणि रस्त्याने चालताना कुणी विचारत नाही, तू कुणाची कोण म्हणून."

"मग तुम्ही कुणाच्या कोण?" त्याने भाबडा चेहरा करून विचारलं.

मी उगाच कप विसळायला उठले. एवढ्याशा खोलीत उठणार कुठे... त्याच्या गुडघ्याला माझा पदर लागला आणि आम्ही दोघंही 'सॉरी' म्हणालो.

शुक्रवारी त्याने कोनाडा सहा ठिकाणी मोजला. प्रत्येक माप मला लिहून घ्यायला लावलं, दोनदा पुसायला लावलं. गेला तेव्हा टेबल होतं तिथेच होतं. नेहमी नियमाने चालणारी मी, पण मला अजिबात राग आला नाही. तो येणार म्हणून मी केस विंचरले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शनिवारी सहज टेबलाचा खण उघडला. तळाशी सुताराच्या जाड पेन्सिलीने एक फोन नंबर लिहिला होता. वर तीन शब्द. 'ताप आला तर.'

मी खण लावला. परत उघडला. असं किती वेळा केलं, ते मोजलं नाही.

रविवारी पाच वाजत आले. कपडे बॅगेत भरून झाले होते. लाल शाईतला नियम माझाच, मोडणार कसा? मला रडू येत होतं आणि ते येतंय याचा रागही येत होता. तेवढ्यात तो आला, हातात पट्टी, खांद्यावर तीच पिशवी. पलंगावरची उघडी बॅग बघून दारातच थांबला.

"गावी जाताय? कधी परत?"

मी बॅगेची चेन ओढायला लागले. पलंगाबाहेर आलेल्या बॅगेमुळे उभं राहायला जागा नव्हती, म्हणून आत येऊन त्याने दार लोटलं... आणि आठवड्यात पहिल्यांदाच दारामागची बाजू त्याच्यासमोर आली. त्याने नऊ मुद्दे वाचले. मग दुसरे नऊ. मग खालची लाल ओळ, मोठ्याने.

"टेबल बसलं तर राहायचं. नाही बसलं तर जायचं."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने दार पुन्हा सताड उघडलं, टेबल ओढून बाहेर काढलं, आडवं केलं आणि पिशवीत हात घालून रंधा काढला. सर्र... सर्र... लाकडाची पातळ सालं माझ्या पायांवर पडू लागली. खोलीभर ताज्या लाकडाचा वास पसरला. पाच मिनिटं. फार तर सहा. मग त्याने टेबल उचललं, कोनाड्यासमोर धरलं आणि एका बोटाने आत सरकवलं.

मी रंध्याकडे बघत होते.

"हा दुकानात राहिला होता ना?"

"नाही." त्याचे कान लाल झाले. "सोमवारपासून पिशवीतच आहे."

"आणि दमट हवा? सहा मापं?"

"काम झालं असतं, तर परत यायला निमित्त काय होतं?" तो एका दमात म्हणाला. "मला काय ठाऊक, मी इथे दिवस लांबवतोय नि तुमचं जाणं पक्कं होतंय! मला तुम्ही आवडता. राहा, असं मी म्हणणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त... टेबल बसलंय."

खालून मालकीणबाईंचा आवाज आला. "काय गं, काय ठरलं?"

मी जिन्याच्या कठड्यावरून वाकले. टेबल तर बसलं होतंच. पण खरं सांगते, ते बसावं म्हणून मी आठवडाभर देव पाण्यात घातले होते, हे मला त्या क्षणी कळलं. आईला रात्री काय सांगायचं, तेही आपोआप जुळलं.

"राहतेय!" मी ओरडले.

मागे वळले तर तो दाराशी उभा, हातात रंधा.

"एक दुरुस्ती करायची होती," तो अडखळत म्हणाला. "पहिल्याच दिवशीची. ते 'दादा' तेवढं... मागे घेता का?"

"मागे भिंत आहे," मी म्हणाले, आणि तो हसायच्या आत लाल पेन घेऊन दारामागच्या कागदाच्या तळाशी माझा रोजचा शेरा लिहिला. 'सुधारणेला वाव आहे.'

त्याने तो नीट वाचला.

"किती?"

"सध्या... एक सूत."

"पुरे," तो म्हणाला. "सुताराला तेवढा पुरतो."