फरशीखालची एक ओढ

माझा कौस्तुभ जोडीदाराशिवाय कामाले जाते. कितीदा सांगितलं. म्हणते, "आई, तुले काय समजते त्यातलं?"

मले चौथीपर्यंतच शिकवलं. पण त्याच्या बापासंग एकतीस वर्षं संसार केला. म्हणून हे लिहून राहिली. यातलं एक अक्षर खोटं नाही.

मागच्या वैशाखातला मंगळवार. दुपारचे तीन. भिलाईत, मरोद्याजवळ, एका बंद ऑफिसातली जुनी कॉम्प्युटरची खोली. खिडकी एकही नाही.

कौस्तुभनं तिथल्या केबली काढायचा ठेका घेतला होता. डबा घरी विसरला, म्हणून मी गेली.

त्या खोलीले दोन फरशा. खालची खरी. वरची चौकोनी पाट्यांची, लोखंडी पायांवर उभी. मधल्या हातभर पोकळीतून साऱ्या केबली जात. आमचे हे, दौलतराव, तिथंच पोटावर सरकत केबली टाकत. घरी आले की बोलायची ताकद नसे. गुडघे तेवढे पुढे करत. मी तेल लावत असे.

त्यांचा एक नियम होता. केबल कापायच्या आधी दोनदा ओढायची. पलीकडच्या टोकाले जोडीदार बसलेला असते. त्यानं दोनदा ओढली तर तिकडून सोडली, कापा. एकदा ओढली तर थांबा.

त्या दिवशी पलीकडे कोणीच नव्हतं.

"लाइन बंद आहे," कौस्तुभ म्हणाला. मले चिडवायले केबल दोनदा ओढली. "बाबा, कापू काय?"

अन् केबल... एकदा मागं गेली.

हळू. थकलेल्या माणसानं ओढावी तशी.

"अटकली असन." त्यानं पुन्हा दोनदा ओढली.

पुन्हा... एकदाच.

त्यानं कटर उचलला. मी मनगट धरलं. "ठेव खाली. आधी पलीकडची पाटी उचल."

उचलली. केबल तिथं पॅनेलले पक्की कसलेली. हलायलेच नको होती.

टेस्टर लावला... दिवा लागला.

खाली बोटभर धूळ. त्यात एक माणूस कुशीवर मावन एवढीच जागा पुसलेली. आत यायची खूण नाही. जायचीही नाही.

दौलतरावांले जाऊन नऊ वर्षं झाली.

त्या मंगळवारपासून तेलाची शिशी उशाशी ठेवते. कावून, ते मले नका विचारू.

काल कौस्तुभनं विचारलं, "आई, बाबा मले वाचवायले आले होते ना?"

मी म्हटलं, "आले नव्हते. तू आणलं. तू जोडीदार नेला नाही, म्हणून तुह्या बापाले मेल्यावरही पोटावर सरकावं लागलं. उद्यापासून माणूस संगं ने. त्यांले आता झोपू दे."