बारशाचा फोटो

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर पटली. पंच्याहत्तराव्या वर्षी खोटं सांगून मला कुणाकडून काही मिळवायचं नाही.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. भोरमधलं आमचं राहतं घर. रात्र नव्हती. भर दुपार होती. समोरच्या अंगणात भात वाळत घातलेला होता.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. मानसिंग.

त्याचा भोरात फोटो स्टुडिओ होता. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि माझा राग तेव्हाही गेला नव्हता.

का, ते ऐका.

माझी धाकटी बहीण सुलक्षणा वेल्ह्याकडे दिलेली. तिला पहिली मुलगी झाली. बारशाला मानसिंग कॅमेरा घेऊन गेला. सुलक्षणा बाळाला मांडीवर घेऊन पाळण्यापाशी बसली. "हलू नका," मानसिंग म्हणाला आणि फ्लॅश उडाला. पोर दचकून रडली. मी तिथेच उभी होते.

त्याच पावसाळ्यात पोर तापानं गेली. ओढ्याला पूर होता, दवाखाना पलीकडे.

तिचा दुसरा फोटो नाही.

"दाजी, बारशाचा फोटो?" सुलक्षणा दर दिवाळीला विचारायची.

"रोल कॅमेऱ्यात अडकलाय. ओढला तर फाटंल. बघू."

चाळीस वर्षं. बघू.

मी म्हटलं, मी प्रयत्न करू का? तर म्हणाला, डार्करूममध्ये बायकांची लुडबुड नको. पुढे स्टुडिओ बंद झाला, तो कॅमेरा फ्लॅशसकट ट्रंकेत गेला आणि ट्रंकेची किल्ली त्याच्या जानव्यासारखी कायम अंगावर.

तो गेल्यावर मी ट्रंक उघडली. कॅमेरा होता. आत रोलही होता.

मागच्या वर्षी सुलक्षणानं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा तिनं माझा हात धरला.

"आक्का, पोरीचं तोंडच आठवत न्हाई गं आता. नाक कसं हुतं तिचं?"

मलाही आठवत नव्हतं.

माझी नात स्नेहल पुण्याला असते. तिला जुन्या कॅमेऱ्यांचं वेड. रोल घरीच धुते, बाथरूममध्ये. ती म्हणाली, "आजी, दे माझ्याकडे. मी धुते."

"नाही. मला शिकव. एवढी वर्षं एकाच्या हातात होता तो. आता मी दुसऱ्या कुणाला देणार नाही."

स्नेहल सगळं सामान घेऊन भोरला आली. पहिला सरावाचा रोल मी वाया घालवला. उजेडातच कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. सगळी पट्टी काळीकुट्ट.

"आजी, कोळशाची खाण काढलीस," स्नेहल हसली.

दुसरा मात्र नीट आला. आमचा नळ, आमची मांजर, शेजारणीचा फेंगडा पाय. सगळं लख्ख. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी नुसती संतापले. ज्या दाराबाहेर मी उभा जन्म चहा घेऊन थांबले, त्या दाराआड एवढंच होतं?

मग तो दिवस.

मी बाथरूममध्ये बसले. आतून कडी लावली, फटीत गोधडी कोंबली, दिवा बंद केला. स्नेहल बाहेर दाराला टेकून बसली. अंधारात चाचपून रोल काढायचा, चक्रीवर गुंडाळायचा, चक्री डब्यात ठेवायची आणि झाकण लावायचं. झाकण लागेपर्यंत उजेडाची तिरीपही आत येता कामा नये.

रोल अलगद निघाला.

अडकलेला नव्हताच.

मी दात-ओठ खात चक्रीवर गुंडाळू लागले. आणि तेवढ्यात...

कुँईईई...

बारीक. चढत जाणारा. स्टुडिओवाल्याच्या घरात नांदलेल्या बाईला तो आवाज झोपेतही कळेल. फ्लॅश भरतानाचा आवाज.

"स्नेहल, फ्लॅशला हात लावू नकोस!"

"कुठला फ्लॅश, आजी?"

"ट्रंकेतला. आवाज येतोय."

"मला नाही येत. ट्रंक तर बंद आहे..."

बरोबर होतं तिचं. त्या फ्लॅशचे गंजलेले सेल मीच फेकून दिले होते.

आवाज बाहेरून येतच नव्हता.

आत होता... माझ्या खांद्यापाशी.

मग कुणीतरी खाकरलं.

नाही म्हणायच्या आधी मानसिंग असाच खाकरायचा.

आणि दाराची कडी... आतली कडी... हळूहळू सरकू लागली. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. दार उघडलं असतं तर रोल गेला असता. पोरीचं तोंड गेलं असतं.

मी भ्याले नाही. खोटं कशाला सांगू, रागापुढे भीतीला जागाच नव्हती. उभ्या जन्मात नवऱ्याला अरे-तुरे केलं नव्हतं. त्या दुपारी केलं.

"मानसिंग! जन्मभर बघू बघू केलंस ना? आता हात लावून तर बघ!"

मी डब्यावर ओणवी झाले. पदरानं झाकलं. चक्री आत, झाकण वर, पक्कं फिरवलं.

आवाज थांबला.

दिवा लावला. कडी जागच्या जागी.

"आजी," बाहेरून स्नेहलचा रडवेला आवाज, "कुणाशी बोलतेस तू?"

रोल धुतला. हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करायच्या पाण्यातून, काढला. उजेडाला धरला.

पहिल्या चार चौकटींत सारोळ्याच्या पुलावर उभी केलेली मानसिंगची नवी मोटरसायकल.

पुढे... काही नाही.

काचेसारखी आरपार पट्टी. उजेड लागला असता तर काळी झाली असती. काळी मी पाहिली होती. ही कोरी होती. म्हणजे फोटो काढलाच नव्हता.

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. लग्नात कुणी गरीब माणूस, कुणाचं पोर फोटोसाठी मागं लागलं की मानसिंग नुसता फ्लॅश उडवायचा. कॅमेऱ्याचं बटण दाबायचाच नाही. रोल वाचायचा. "चमक मारली," असं जेवताना सांगून हसायचा.

मोटरसायकलचे चार फोटो. आणि माझ्या बहिणीच्या लेकीला चमक!

दुसऱ्या दिवशी नसरापूरला एसटी बदलून मी वेल्ह्याकडे गेले. खरं सांगायचं ठरवलं होतं. शिव्या दे म्हणणार होते त्याला. मी साथ देते.

सुलक्षणा उशीला टेकून बसली होती. हसत होती.

"आक्का, दाजी येऊन गेले की काल दुपारी! लई घाईत हुते. पानी बी न्हाई घेतलं. फोटो दिला बघ."

मी दारातच थांबले.

तिनं उशाखालून कागद काढला. ओला. हायपोचा आंबूस वास.

"नाक बघ की. तुझंच हाय."

मी बघितलं.

पांढरा. कोरा करकरीत कागद.

माझ्या अंगाची आग झाली. मेल्यावरसुद्धा चमकच! ओठांवर शब्द आला होता, तोच तिची सून सोनिया चहा घेऊन आली आणि कागदावर वाकली.

"व्हय की वो मावशी, नाक तुमचंच. आन् गालावर तीट बगा केवढी!"

मी तिला अंगणात ओढलं. "म्हातारीचं मन राखतीस होय गं?"

"कसलं मन? फोटो हाय की त्यो. चष्मा इसरलाय का तुमी?"

"कुणी आणून दिला?"

"म्या शेतावर हुते. आले तवा आत्याबाईंच्या हातात हुता."

मी सुलक्षणाला काही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात ती गेली. फोटो छातीवर होता.

घरच्यांनी तो कागद चौकटीत बसवून भिंतीवर लावलाय. येणारा-जाणारा म्हणतो, किती गोड पोर. स्नेहलनंही बघितला. ती थट्टा करणारी मुलगी. पण तेव्हा केली नाही. "आजी, तुला खरंच दिसत नाही?" एवढंच म्हणाली.

परवा सुलक्षणाचं वर्षश्राद्ध होतं. त्या कोऱ्या कागदाला मीच हार घातला. मनातल्या मनात मानसिंगला विचारलं, सगळ्यांना दाखवतोस, आणि मला नाही?

सोनिया शेजारी होती. मी हळूच विचारलं, "कुठं बघते गं ती?"

सोनियानं वर पाहिलं.

"आदी सरळ म्होरं बगत हुती, मावशी..."

"आणि आता?"

"आता तुमच्याकडं."

मी एक पाऊल दाराकडे सरकले.

सोनियाची नजर फोटोवरच होती. "ती बी तुमच्यासंगं वळली..." तिनं माझा दंड घट्ट धरला.

"हलू नका, मावशी."