'येतंय'चं बटण

मी जन्मभर मासळी विकली. शिळा बांगडा ताजा म्हणून कधी कोणाच्या गळ्यात मारला नाही, मग ही गोष्ट कशाला मारीन? ज्याला खोटं वाटेल त्याने आचऱ्याला येऊन राधाबाईला विचारावं.

साल २००९. ऑगस्टातला शनिवार. रात्र नव्हती, भर दुपार होती.

माझी सून वर्षाली इथल्या शाळेत बाई. तिची मुलगी, माझी नात रिया, तिच्याच सहावीच्या वर्गात.

त्या वर्षी शाळेत कॉम्प्युटर आले, इंटरनेट आलं. वर्षाली कणकवलीला जाऊन शिकली आणि मुलांसाठी तिने इंटरनेटवर एक पान बनवलं. मूल आपलं नाव आणि पासवर्ड टाकून पानात शिरलं, की बाईंच्या पडद्यावर त्या नावापुढे हिरवा ठिपका पेटायचा. बाईंनी प्रश्न टाकायचा, मुलांनी जागेवरून उत्तर लिहायचं. तास संपला की 'जा' असं लिहिलेलं बटण दाबायचं. ठिपका विझायचा.

पहिल्याच दिवशी खिचडी शिजवणाऱ्या राधाबाईने कपाळावर हात मारला.

"गो वर्षाली, पोरांका 'जा' म्हणान सांगतस? शिकलंस तां सगळां वाया गेलां! भायर पडताना माणूस 'येतंय' म्हणता."

खरंच आहे. आमच्यात 'जातंय' म्हणून कोणी उंबरा ओलांडत नाही. वर्षाली हसली. बटणावर 'येतंय' लिहून मोकळी झाली.

जुलैच्या शेवटी रियाला ताप भरला. त्या दिवशी डोळे लाल, तरी वर्गातून सगळ्यांच्या शेवटी उठली. बटण दाबलं.

येतंय.

चौथ्या दिवशी ती गेली.

वर्षाली रडली नाही. बारावं झाल्यावर उठली, साडी नेसली, दोन डबे भरले. एक मी गपचूप उचलून आत ठेवला. तिने बघितलं. दुसरा पिशवीत टाकून निघाली.

वर्गात अकरा मुलं बसली. रियाचा कोपऱ्यातला कॉम्प्युटर बंद होता. वायरसुद्धा काढून गुंडाळून ठेवलेली.

वर्षालीने पडद्यावर ठिपके मोजले.

...बारा.

"बाई," नितेश हळूच म्हणाला, "रिया इली."

एरवी खिदळणारी पोरं. एकही हसलं नाही.

वर्षालीने प्रश्न टाकला. समुद्राला भरती दिवसातून किती वेळा येते? अकरा उत्तरं आली. दोन. दोन. दोन.

बारावं जरा उशिरा आलं...

येतंय.

घंटा झाली. अकरा ठिपके विझले. बारावा विझला आणि लगेच पुन्हा पेटला.

कोणीतरी टवाळी करतंय म्हणून तिने रियाचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी ठिपका तिथेच. असं आठवडाभर चाललं. पोरं शाळेला यायला घाबरू लागली.

शेवटी हेडमास्तर म्हणाले, "बाई, ते नाव काढून टाका. मला सांगताना बरं वाटत नाही, पण काढा."

शनिवारी शाळा लवकर सुटली. बाहेर राधाबाई टोप घासत होती, तेवढाच आवाज. वर्षाली एकटी पडद्यासमोर बसली. रियाचं नाव. बाजूला 'काढून टाका'. तिचं बोट तिथे गेलं...

टोपाचा आवाज थांबला.

कोपऱ्यात... टक.

टक... टक.

रिया एका बोटाने टाइप करायची.

पडद्यावर एकेक अक्षर उमटलं.

"आये, 'जातंय'चां बटण खंय आसा?"

वर्षालीला तेव्हा कळलं. पोर रोज निघत होती. रोज बटण दाबत होती. आणि पानावर दुसरं बटणच नव्हतं.

ते आईनेच करायचं होतं.

तिने 'येतंय' पुसलं. ज लिहिला. हात थांबला. मग काना दिला.

जा.



ठिपका विझला. कोपऱ्यातली खुर्ची जरा मागे सरकली...

दारातून राधाबाईने डोकं घातलं. "कोणाचां पोर रवलेलां गो? आता माझ्या अंगावरसून धावत गेलां!"

वर्षालीने कॉम्प्युटर बंद केला. घरी येऊन माझ्यासोबत बांगडे साफ करता करता हे सगळं सांगितलं. बाजारभाव सांगावा तसं.

सोमवारी तिने बटणावर परत 'येतंय' लिहिलं. बारावा ठिपका पुन्हा दिसला नाही. पोरं हसू-खिदळू लागली. मास्तर खूश.

पण त्या दिवसापासून सकाळी चपला घालून वर्षाली उंबऱ्यावर उभी राहते आणि म्हणते,

"आई, जातंय."

मी शिव्या घातल्या. शपथ घातली. या तोंडाने आजवर कोणाकडे काही मागितलं नाही, पण तिचा हात धरून म्हटलं, "बाय माझे, येतंय म्हण."

ती माझ्याकडे बघते. हात सोडवून घेते.

मग मी दारापुढच्या खळ्यात येऊन उभी राहते. शाळा सुटेपर्यंत.