न विचारता दिलेली खोली

वहिनी आंघोळ करून बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या पलंगाभोवती लाल दोरी बांधलेली होती आणि उशीवर पाटी होती : ‘संस्थापकांचा पलंग. कृपया स्पर्श करू नये.’ त्या पलंगावरून उठून त्यांना जेमतेम वीस मिनिटं झाली होती... त्यांनी दोरी उचलली, वाकून आत शिरल्या आणि पलंगावर ऐसपैस बसल्या.

“आई, ऊठ ना,” अध्यक्ष म्हणाले. निवृत्तांच्या या वसाहतीचे अध्यक्ष म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. “अकराला पाहुणे येतायत. बाबांची स्मृतिखोली बघायला.”

“येऊ देत की. मलाही एक पाटी लाव.”

“तुझी सोय वरच्या मजल्यावर केलीय. सांगितलं होतं मी.”

“सांगितलं होतंस. विचारलं नव्हतंस.”

संस्थापकांना, म्हणजे वहिनींच्या यजमानांना, जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या औदार्याचं वर्णन करताना वक्ते थकत नसत, आणि ते वर्णन शब्दशः खरं होतं, हीच वहिनींची पंचाईत होती. खोटं असतं तर भांडता आलं असतं! मुलांनी घराबाहेर काढलेल्या एका म्हाताऱ्या पोस्टमनला ते एका संध्याकाळी हाताला धरून घरी घेऊन आले, मग एक शिक्षिका आली, मग अंथरुणाला खिळलेला एक शिंपी, ज्याला ते स्वतःच्या हातानं भरवत. घर माणसांनी भरत गेलं, आजूबाजूला इमारती उठल्या, आणि घरातली माणसं सरकत सरकत या एका खोलीत येऊन पोहोचली. संस्थापकांनी आधी बाहेर हो म्हणायचं आणि मग घरी येऊन सांगायचं, “आपल्याला असं लागतं तरी किती?” त्या ‘आपल्याला’मध्ये वहिनी कायम धरलेल्या असत. त्या माणसावर त्यांचा जीव होता, म्हणून तर अंतःकरणातला दाह त्यांनी कधी ओठांवर येऊ दिला नाही...

“बाबांचा त्याग लोकांना कळायला नको का?” अध्यक्ष म्हणाले.

“त्यागाचं मला नको सांगूस. चाळीस वर्षं त्याचा स्वयंपाक केलाय मी.”

अध्यक्षांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि एकाएकी त्यांचा चेहराच विरघळला.

“मला एक खोली हवी होती, आई... बाबा फक्त आपले असतील अशी. नऊ वर्षांचा होतो मी. शाळेतून आलो, तर माझ्या खोलीत पोस्टमन झोपलेला. बाबा म्हणाले, तू समजूतदार आहेस. तेव्हापासून समजूतदारच आहे मी. कंटाळा आलाय आता.”

वहिनींना ती रात्र आठवली. त्या रात्री व्हरांड्यात त्याची गादी घालून, ‘रडू नकोस, पोस्टमन आजोबा जागे होतील’ असं दटावणारी कोण होती? अन्याय एकटीवर झाला असं त्या जन्मभर धरून बसल्या होत्या... त्या थोड्या सरकल्या. इस्त्रीच्या कपड्यांतले अध्यक्ष दोरीखालून आत आले आणि आईशेजारी बसले.

“खोलीसाठीच्या यादीत ती शिवणकाम करणारी बाई आठ महिने थांबलीय,” वहिनी म्हणाल्या. “यांनी ही खोली तिला उभ्या उभ्या देऊन टाकली असती. मी तुला विचारतेय. देऊ?”

अध्यक्षांनी उशीवरची पाटी उचलून मांडीवर घेतली.

“नको,” ते म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

“नको तर नको. मी इथून हलत नाही. वरची खोली तिला.”

दारावर टकटक झाली. वहिनींनी दार उघडलं. बाहेर हारतुरे, कॅमेरा, आणि हातात सात पानी भाषण घेतलेले प्रमुख पाहुणे.

“इथे मी राहते,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही यांचं स्मरण करायला आलात ना? दोन चौकांपलीकडे एक बाई राहतात. त्यांचं शिलाई मशीन वरच्या मजल्यावर चढवायचंय. लोखंडी आहे. चार माणसं लागतील.”

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सोबत आलेल्या वसाहतीच्या व्यवस्थापकांनी चाचरत विचारलं, “आणि... अध्यक्ष?”

वहिनींनी मागे वळून पाहिलं. पन्नाशीचा तो गृहस्थ बुटांसकट पलंगावर आडवा झाला होता.

“ते येणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “आज ते माझ्याकडे आहेत.”

आणि त्यांनी दार लावून घेतलं.