भिंतीवरचं निळं दार

"मॅडम, तुमी आमच्या घराला दार लावलंय."

शिडीवरच्या मनवानं मागे वळून पाहिलं. खाली उन्हात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलानं भरलेले, केसांत उसाच्या पाचटाचा तुकडा. रागवावं की हसावं हे त्याचं अजून ठरलं नव्हतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"लावलं नाही, काढलंय," ती म्हणाली. "आणि हे घर कानिफनाथ तात्यांचं आहे ना?"

"तात्यांचं पलीकडलं. हे आमचं हाय."

मनवाच्या हातातला ब्रश तसाच राहिला. भिंतीवरचं निळं दार अर्ध्याहून जास्त रंगून झालं होतं.

आता यात तिची तरी काय चूक? तात्यांची शनी शिंगणापूरच्या रस्त्यावर रसवंती. भाविकांनी थांबून फोटो काढावेत, मग रस प्यावा, म्हणून त्यांना शेजारच्या आपल्या घराच्या भिंतीवर चित्र हवं होतं. काय काढायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले होते. मनवा केडगावहून स्कूटीवर आली, लिंबाच्या सावलीतलं घर दिसलं, हाक मारली. कोणी ओ दिली नाही. पण घर सताड उघडं, आत पंखा चालू! केडगावात घर उघडं असलं म्हणजे आत माणूस असतो. त्याच सवयीनं, आपल्यासाठीच उघडं ठेवलंय असं समजून ती कामाला लागली. दुसऱ्या कुठल्याही गावात कुलूप पाहून परत गेली असती. इथं घरांच्या चौकटींना दारंच नाहीत. राखणीला देव आहे, कुत्रं आत शिरू नये म्हणून रात्री एक फळी टेकवली की झालं.

"आन् आमच्याच गावात येऊन दार?" त्यानं विचारलं. त्याचं नाव आदिनाथ, हे एव्हाना कळलं होतं. "आमच्याकडं दारं नसतात, ठाऊक न्हवतं का?"

"ठाऊक होतं. म्हणूनच काढलं."

"अर्थ काय याचा?"

चित्राचा अर्थ विचारणाऱ्या माणसांचा मनवाला मनापासून कंटाळा होता. "मी सांगत नसते," ती म्हणाली.

"मग मी लावतो." तो दोन पावलं मागं सरला, मान कलती केली. "आत कुनीतरी हाय... आन् आता भायेर येनार हाय. कडी निघायलाच आलीय."

मनवाला ते झोंबलं. सकाळपासून तिनं ती पितळी कडी जीव ओतून रंगवली होती, घट्ट लावलेली. "कडी बंद आहे. नीट पाहा."

"नीटच पाहतोय की," तो म्हणाला. पण तेव्हा तो दाराकडे पाहत नव्हता.

त्याची आई, रंगुबाई, शेतातून आली तेव्हा मनवानं चूक सांगितली, पांढरा रंग मारून देते म्हणाली. रंगुबाई भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिली. मग, आता आरंभलंच हाय तर पुरं कर पोरी, आन् आधी दोन घास खा, एवढंच म्हणाली.

मनवा रोज येऊ लागली. दाराच्या लाकडाच्या रेषा, बिजागऱ्या, उंबऱ्यावरची सावली... काम संपत होतं आणि तिला ते संपायला नको होतं, पण हे तिनं स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. दुपारी आदिनाथ आलं-लिंबू घातलेला रस घेऊन यायचा आणि दाराचा रोज नवा अर्थ लावायचा. एकदा म्हणाला, आत बाई झोपलीय. एकदा म्हणाला, बाई रुसलीय. ती म्हणायची, चूक. तो म्हणायचा, काढणाऱ्यानं काढलं, आता पाहणाऱ्याचं राज्य. ती म्हणायची, माझ्या चित्रावर राज्य माझंच. असं भांडता भांडता रसाचा पेला गरम होऊन जायचा.

खरा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. महिन्याभरापूर्वी तिला पाहायला पाहुणे आले होते. मुलाची आत्या विचारल्याशिवाय थेट तिच्या खोलीत शिरली, ओलं चित्र उलटंपालटं करून म्हणाली, हौस म्हणून ठीक आहे. मनवानं तिथल्या तिथं स्थळ मोडलं. तेव्हापासून वडील तिच्याशी कामापुरतं बोलत होते. तिला एक दार हवं होतं, ज्याची कडी तिच्याच हातात असेल. हे मात्र तिनं आदिनाथला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचा खेळ संपला असता, आणि तो खेळ तिला फार आवडू लागला होता.

चित्र पुरं झालं आणि गावात कुजबुज सुरू झाली. काहींना खरोखरच लागलं. देव राखतो त्या गावात दार, म्हणजे देवावर भरवसा नाही, असं ते म्हणाले. तात्या तर दोन्हीकडून चिडलेले. भिंत दुसऱ्याची सजली आणि वर हा ठपका. पण भाविक त्या दाराशी थांबू लागले, फोटो काढू लागले, शेजारी रसाला गर्दी झाली, तसा तात्यांचा राग विरघळला. त्यांनी तोडगा काढला. चार मोठी माणसं लिंबाखाली जमवली, चुन्याची बादली आणि कुंचा शेजारी ठेवला आणि मनवाला बोलावलं.

"दाराखाली एक ओळ लिव्हा," तात्या म्हणाले, "की हे देवाच्या कृपेचं दार हाय. सगळे खूश. न्हाईतर आजच चुना मारू."

"मी देवाचं दार काढलेलं नाही," मनवा म्हणाली. "देवाच्या नावानं खोटं लिहिणार नाही. चुना मारायचा तर मारा. पण मी पुसणार नाही, आणि माफीही मागणार नाही."

तात्यांनी कुंचा आदिनाथपुढे धरला. घर तुझं, तूच मार, म्हणाले. आदिनाथनं हात पाठीमागे बांधले. या गावात मी लहानाचा मोठा झालो, देव मलाही आहे, पण हे माझ्या हातून होणार नाही, असं तो शांतपणे म्हणाला.

तेवढ्यात चौकटीत उभी असलेली रंगुबाई बोलली. "माझं म्हायेर भंडारदऱ्याकडचं. तिथं घराला दार हुतं. सांजच्याला बाप रानातनं आला की कडी वाजायची, आन् आमी पोरी पळत जायचो. लगीन होऊन इथं आले, त्यानंतर ती कडी न्हाई ऐकली. बाप बी गेला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला हे बापाच्या घरचं दार दिसतं. देवाला यात कसला राग?"

मनवाला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. जे दार तिनं लोकांना बाहेर ठेवायला काढलं होतं, त्यातून एक बाप रोज संध्याकाळी आत येत होता. तिनं तो काढला नव्हता. पण तो तिथं होता, आणि त्याला नाही म्हणण्याचा अधिकार तिलाही नव्हता.

"तात्या, आता तर मुळीच लिहिणार नाही," ती म्हणाली. "खाली ओळ लिहिली, की मावशींच्या वडिलांना आत यायला जागा उरणार नाही. तुम्हाला कृपेचं दिसतं, तुम्ही तसं पाहा. ज्यांना राग येतो त्यांनी रागानं पाहावं. माझं काय ते माझ्यापाशी. भिंत मात्र मोकळी राहील."

"भिंत माझी हाय," रंगुबाई म्हणाली. "बादली घेऊन जा, तात्या. तुमच्या भिंतीचे पोपडे निघालेत."

एक म्हातारे गृहस्थ हसले, मग आणखी कोणीतरी. काही जण मान हलवत, नाराजच उठून गेले. तात्या बादली उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी मनवा आपले ब्रश न्यायला आली. रंगुबाई चहासाठी आलं ठेचत होती. आदिनाथ कुठं दिसला नाही. काल सगळ्यांदेखत पाठीमागे हात बांधून उभा राहिलेला माणूस आज निरोपालाही येत नाही, म्हणून ती मनातून चडफडत होती. चहाचा कप हातात घेऊन ती भिंतीला टेकून बसली. हीच ती भिंत; पलीकडे दार.

टक, टक.

ती दचकली. या गावात कोणी असं वाजवत नाही. माणसं लांबून हाक मारतात आणि आत येतात.

टक, टक. कोणीतरी बाहेरून, चित्रातल्या दारावर वाजवत होतं.

"येऊ का?" आदिनाथचा आवाज आला.

"तुझंच घर आहे," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "चौकट मोकळी आहे की."

मग तो म्हणाला, "मी घराचं न्हाई इचारत."

मनवाचा कप हातातच राहिला. रंगुबाईनं चुलीकडे तोंड फिरवलं आणि आलं पुन्हा ठेचायला घेतलं, बारीक झालेलंच.

"मी लई अर्थ लावले," बाहेरून आवाज येत होता, अडखळत. "सगळे चुकले. काल रातभर इचार केला... ते दार बंद न्हाई, उघडं बी न्हाई. त्याच्यापुढं थांबून इचारायचं असतं. मला सवय न्हाई ना, आमच्याकडं दारंच न्हाईत... बरोबर हाय का?"

मनवानं भिंतीवर तळहात टेकवला. चुना गार होता. इतक्या जणांनी तिला पाहिलं होतं, तिच्या खोलीत डोकावलं होतं. थांबून विचारणारा हा पहिलाच.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पण ऐक. माझ्या घरी हे चालणार नाही. वडील बोलणं टाकतील. आणि लग्नानंतरही कडी माझ्याच हातात राहील. मी चित्र काढत असले की तुलासुद्धा वाजवावं लागेल."

"वाजवीन."

"आणि मी लगेच उघडेनच असं नाही."

"थांबीन की," तो म्हणाला. "सावली हाय इथं."

ती उठली. कप रंगुबाईच्या हातात दिला. रंगुबाईनं तो घेतला आणि नुसतं, जा, म्हणाली.

त्याला थांबावं लागलं नाही. मनवा मोकळ्या चौकटीतून बाहेर पडली, भिंतीला वळसा घालून गेली. तो अजून निळ्या दारासमोर पाठमोरा उभा होता, वाजवायला मूठ उचलून. तिनं मागून त्याच्या पाठीवर दोनदा टकटक केलं.

"येऊ का?" तिनं विचारलं.